रिटा हेवर्थ : ‘गिल्डा’ची नायिका आणि उशिरा ओळखला गेलेला अल्झायमर

जानेवारी १९७६ मधली गोष्ट. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका विमानातून ५७ वर्षांच्या एका बाईंना आधार देत बाहेर आणले गेले. केस विस्कटलेले, चेहरा भांबावलेला, आपण कुठे आलो आहोत हे न कळल्यासारखी नजर. छायाचित्रकार समोर उभेच होते. ते फोटो वर्तमानपत्रांत छापून आले आणि बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला, की बाई दारूच्या नशेत आहेत.

त्या बाई म्हणजे रिटा हेवर्थ. तीस वर्षांपूर्वी त्यांचा चेहरा जगभरातल्या सिनेमागृहांच्या दारावर झळकत होता. हीथ्रोच्या त्या प्रसंगानंतर चार वर्षांनी, १९८० मध्ये, डॉक्टरांनी निदान केले. रिटाला अल्झायमर हा मेंदूचा आजार झाला होता. तोपर्यंत कितीतरी वर्षे तिच्या आजाराला लोक व्यसन, नखरा आणि चिडका स्वभाव म्हणत आले होते.

एका जुन्या अमेरिकन नटीची गोष्ट आरोग्याच्या संकेतस्थळावर कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कारण हीच चूक मला दवाखान्यात वरचेवर दिसते. आजोबा मुद्दाम विसरतात, आई हट्टी झाली आहे, सासूबाई नाटक करतात, वय झाले की असे होणारच, असे घरचे लोक सांगतात. त्यांतल्या काही जणांना खरोखर आजार असतो आणि तो ओळखायला वर्षे निघून जातात. रिटाच्या आयुष्यात हे कसे घडले ते पाहू.

नर्तकांच्या घरातली मुलगी

रिटाचा जन्म १७ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात झाला. तिचे मूळ नाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो. वडील एदुआर्दो स्पेनमधून अमेरिकेत आलेले व्यावसायिक नर्तक होते. आई व्होल्गा हेवर्थ हिनेही रंगमंचावर काम केले होते. घरात नाच हाच पोटापाण्याचा धंदा असल्याने रिटाची तालीम अगदी लहानपणीच सुरू झाली.

१९२७ मध्ये हे कुटुंब हॉलीवूडला आले. वडिलांनी नाचाचे वर्ग काढले. पुढे जागतिक महामंदी आली आणि नाच शिकायला पैसे देणारे लोक कमी झाले. तेव्हा वडिलांनी जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या मुलीलाच आपली जोडीदार केले. कॅलिफोर्नियातल्या क्लबांत एवढ्या लहान मुलीला काम करता येत नसे, म्हणून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआना गावी कार्यक्रम होत. शाळा अर्धवट राहिली. रिटा स्वभावाने अतिशय लाजाळू होती. चारचौघांत ती फारसे बोलत नसे, पण संगीत सुरू झाले की तिचे रूप बदलून जाई.

रिटा कान्सिनोची रिटा हेवर्थ

नाच पाहूनच तिला फॉक्स या चित्रपट कंपनीचा करार मिळाला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ‘रिटा कान्सिनो’ या नावाने तिने लहानसहान भूमिका केल्या, पण कंपनीचे विलीनीकरण झाल्यावर तो करार पुढे चालला नाही. १९३७ मध्ये तिने एडवर्ड जडसन या वयाने बऱ्याच मोठ्या गृहस्थाशी लग्न केले. त्याच सुमारास ती कोलंबिया या कंपनीत आली. तेथील प्रमुख हॅरी कोन यांना वाटले, की स्पॅनिश आडनावामुळे तिला ठरावीक साच्यातल्याच भूमिका मिळतील. म्हणून आईचे आडनाव घेऊन ती रिटा हेवर्थ झाली. काळ्या केसांना तांबूस रंग दिला गेला. कपाळ मोठे दिसावे म्हणून पुढच्या केसांची मुळे विजेच्या उपचाराने काढली गेली. हा उपचार वेदनादायक असतो आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.

१९३९ च्या ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ या चित्रपटाने तिच्याकडे लोकांचे लक्ष गेले. १९४१ मध्ये ‘द स्ट्रॉबेरी ब्लाँड’ आणि ‘ब्लड अँड सँड’ आले. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकात तिचा एक फोटो छापला गेला, जो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी बराकींच्या भिंतींवर लावला. फ्रेड अस्टेअर या महान नर्तकासोबत तिने दोन चित्रपट केले. अवघड नाच ती किती लवकर आत्मसात करते, याचे अस्टेअरलाही कौतुक वाटे. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संदर्भ येणार आहे. १९४४ मध्ये जीन केलीबरोबरचा ‘कव्हर गर्ल’ आला आणि १९४६ मध्ये ‘गिल्डा’.

‘गिल्डा’ने तिला कीर्तीच्या शिखरावर नेले. काळ्या सॅटिनच्या पोशाखात एक लांब हातमोजा उतरवत ती जे गाणे सादर करते, ते सिनेमाच्या इतिहासात अजूनही दाखवले जाते. गाण्याचा आवाज मात्र अनिता एलिस या गायिकेचा होता. त्याच वर्षी बिकिनी बेटांवर झालेल्या अणुचाचणीतल्या बॉम्बला ‘गिल्डा’ हे नाव देण्यात आले. पडद्यावरची गिल्डा धीट आणि बेफिकीर होती. घरातली रिटा अबोल होती आणि तिला शांत संसार हवा होता.

पाच लग्ने, दोन मुली आणि आगाखान घराणे

संसार काही तिला लाभला नाही. जडसनशी १९४२ मध्ये घटस्फोट झाला. १९४३ मध्ये तिने अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सशी लग्न केले आणि १९४४ मध्ये रेबेका ही मुलगी झाली. वेल्सच्या दिग्दर्शनाखाली तिने ‘द लेडी फ्रॉम शांघाय’ हा चित्रपट केला. तो लोकांसमोर येईपर्यंत हेही लग्न संपले होते.

तिसऱ्या लग्नाचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. २७ मे १९४९ रोजी फ्रान्समध्ये तिने अली खान यांच्याशी विवाह केला. अली खान हे इस्माइली पंथाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांचे चिरंजीव. पुण्यातला आगाखान पॅलेस याच तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला. गांधीजींना १९४२ ते १९४४ या काळात तिथेच नजरकैदेत ठेवले होते आणि कस्तुरबांचे निधनही तिथेच झाले. त्या घराण्याची रिटा सून झाली. डिसेंबर १९४९ मध्ये यास्मिनचा जन्म झाला. हे लग्नही १९५३ मध्ये मोडले. पुढे गायक डिक हेम्स आणि निर्माते जेम्स हिल यांच्याशी झालेली लग्नेही फार काळ टिकली नाहीत. १९६१ नंतर तिने पुन्हा लग्न केले नाही.

काम मात्र चालू होते. १९५३ चा ‘मिस सेडी थॉम्प्सन’, १९५७ चा ‘पाल जोई’ आणि १९५८ चा ‘सेपरेट टेबल्स’ यांत तिने चांगल्या भूमिका केल्या. वय वाढत होते, नायिकेऐवजी प्रौढ स्त्रीच्या भूमिका येत होत्या आणि ती त्या निभावत होती.

संवाद आठवेनासे झाले

साठीच्या दशकात तिच्या वागण्यात फरक पडू लागला. अचानक संताप येई, संशय घेई, भेटी रद्द होत. सिनेसृष्टीत कुजबुज होती, की बाई पितात आणि बाईंशी काम करणे कठीण झाले आहे.

१९७१ मध्ये ‘अप्लॉज’ या ब्रॉडवेवरील संगीत नाटकात लॉरेन बकॉलच्या जागी रिटाला घेण्याचा विचार झाला. पण संवाद तिच्या लक्षात राहीनात आणि तो बेत सोडून द्यावा लागला. १९७२ मध्ये ‘द रॅथ ऑफ गॉड’ हा तिचा शेवटचा चित्रपट आला. त्याच्या चित्रीकरणात तिला एका वेळी एकच वाक्य सांगून ते टिपून घ्यावे लागले. पुढचा एक चित्रपट तिने सुरुवातीलाच सोडला.

आता अस्टेअरची आठवण काढा. जी मुलगी अवघड नाच झटपट शिकत असे, तिला पन्नाशीत एक ओळ पाठ होत नव्हती. अल्झायमरमध्ये मेंदूत नवी माहिती साठवणाऱ्या भागावर सहसा सर्वांत आधी घाला पडतो. जुन्या आठवणी, लहानपणची गाणी, अंगवळणी पडलेल्या हालचाली बऱ्याच काळ शाबूत राहतात. म्हणून रुग्ण चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न तपशीलवार सांगतो, पण सकाळी काय खाल्ले ते सांगू शकत नाही. घरच्यांना वाटते, की याला हवे ते बरोबर आठवते.

शिवाय ज्याचे काम स्मरणशक्तीवर चालते, त्याची अडचण कामातच आधी उघडी पडते. नटाला संवाद आठवत नाहीत. किराणा दुकानदाराचा हिशेब चुकतो. वर्षानुवर्षे पुरणपोळी करणाऱ्या आजीला कृतीचा क्रम लागत नाही. आयुष्यभर सहज जमणारी गोष्ट अडू लागणे ही महत्त्वाची खूण आहे.

दारूमुळे की आजारामुळे?

रिटा दारू पीत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. १९७४ मध्ये तिचे दोन्ही भाऊ एका आठवड्याच्या आत वारले, त्यानंतर तिचे पिणे आणखी वाढले. त्यामुळे प्रत्येक विसराळूपणाला आणि प्रत्येक संतापाला दारू हे तयार उत्तर मिळाले. एकदा उत्तर मिळाले, की पुढे कोणी शोधत नाही.

वैद्यकीयदृष्ट्या हे दोन्ही एकत्र असू शकतात. दारूने मेंदूला थेट इजा होते, जीवनसत्त्व बी-१ ची कमतरता होऊनही स्मरणशक्ती जाते. दुसरीकडे डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणसाला आपले काहीतरी बिघडले आहे हे जाणवते, भीती वाटते आणि तो बाटलीचा आधार घेतो. आजारी मेंदूला थोडी दारूही जास्त चढते. फरक कालांतराने दिसतो. दारूमुळे झालेला त्रास पिणे पूर्ण थांबवल्यावर अनेकदा सुधारतो किंवा निदान स्थिर राहतो. अल्झायमर दारू थांबवली तरी हळूहळू वाढतच जातो. म्हणून पिणाऱ्या माणसाच्या विस्मरणाचीही तपासणी तितक्याच गांभीर्याने करायला हवी.

त्या काळी निदान का झाले नाही?

सगळा दोष तिच्या आसपासच्या लोकांवर टाकणे योग्य होणार नाही. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यांची रुग्ण पन्नाशीतली होती. त्यामुळे पुढची अनेक दशके अल्झायमर हा मध्यम वयातला एक दुर्मीळ आजार मानला गेला आणि म्हाताऱ्यांच्या विस्मरणाला नुसते म्हातारपण म्हटले गेले. हे दोन्ही मुळात एकच आहे आणि तो फार मोठा आजार आहे, असे न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका लेखात ठामपणे मांडले, ते वर्ष होते १९७६. म्हणजे हीथ्रोवर रिटाचे फोटो निघाले तेच वर्ष. मेंदूचा सीटी स्कॅनही १९७१ मध्येच पहिल्यांदा एका रुग्णावर झाला होता.

रिटाचे वयही आड आले. ६५ वर्षांआधी लक्षणे सुरू झालेल्या अल्झायमरमध्ये आजही निदानाला उशीर होतो, कारण एवढ्या वयात डिमेन्शियाची शंका कोणाला येत नाही. ताणतणाव, नैराश्य, रजोनिवृत्ती, घरातले वाद अशी कारणे आधी पुढे येतात. मेंदूतले बदल मात्र लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून सुरू झालेले असू शकतात.

निदान आणि लेकीचा आधार

१९८० मध्ये निदान झाले आणि पुढच्या वर्षी ते जगाला कळले. जुलै १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने रिटाची देखभाल यास्मिनकडे सोपवली. यास्मिन तेव्हा ३१ वर्षांची होती. तिने आईला न्यू यॉर्कला आणले आणि आपल्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये ठेवले. रात्रंदिवस सांभाळणाऱ्या परिचारिका नेमल्या.

आजार थांबवणारे औषध तेव्हा नव्हते. रिटाचे बोलणे कमी होत गेले, माणसे ओळखेनाशी झाली, स्वतःचे स्वतः काही करता येईना. १४ मे १९८७ रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी तिने शेवटचा श्वास घेतला.

निदानाने रिटा बरी झाली नाही, हे खरे आहे. तरीही त्याने बरेच काही बदलले. आई आपल्यावर चिडते ती स्वभावाने नव्हे, हे मुलीला समजले. आईला काय जमणार नाही हे कळल्याने तिच्याकडून नको त्या अपेक्षा राहिल्या नाहीत. तिची सुरक्षितता, पैशांचे व्यवहार आणि देखभाल यांची कायदेशीर व्यवस्था झाली. आणि एवढी वर्षे चिकटलेला बेवडेपणाचा शिक्का पुसला गेला.

तिच्या नावाने सुरू झालेले काम

अल्झायमरने आजारी असल्याचे जाहीर झालेल्या पहिल्या जगप्रसिद्ध व्यक्तींपैकी रिटा एक होती. तिच्या बातमीमुळे असंख्य घरांना आपल्या माणसाला काय झाले आहे, त्याचे नाव सापडले. अमेरिकेत १९८० मध्येच अल्झायमर असोसिएशन स्थापन झाली होती. यास्मिन त्या कामात उतरली. रिटा हेवर्थच्या नावाने दरवर्षी निधी जमवणारे कार्यक्रम सुरू झाले आणि तो पैसा संशोधन व रुग्णसेवेसाठी वापरला गेला. पुढे ती जागतिक पातळीवरच्या अल्झायमर संघटनेचीही अध्यक्ष झाली.

१९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबर हा अल्झायमर जागृतीचा महिना म्हणून जाहीर केला. रेगन स्वतः जुने हॉलीवूड नट. रिटा गेली तेव्हा आपला आजार जगासमोर आणण्यातला तिचा आणि तिच्या कुटुंबाचा धीर त्यांनी गौरवला. १९९४ मध्ये त्यांनी आपल्यालाही अल्झायमर झाल्याचे जनतेला पत्र लिहून कळवले. रिटाला जी वर्षे संशयात काढावी लागली, ती त्यांच्या वाट्याला आली नाहीत.

आपल्या घरात काय पाहावे?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे कोणालाही होते. पुढील गोष्टी काही महिने वाढत असतील तर दुर्लक्ष करू नका.

- तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नुकतीच घडलेली घटना अजिबात न आठवणे
- स्वयंपाक, बँकेचे व्यवहार, औषधांच्या वेळा अशा रोजच्या कामांत गोंधळ
- ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे
- साधे शब्द न सुचणे, बोलणे मध्येच थांबणे
- वस्तू भलत्याच जागी ठेवणे आणि कोणी चोरली असा आरोप करणे
- पूर्वी नसलेला संताप, संशय किंवा एकटे राहण्याची ओढ
- अंघोळ, कपडे, टापटीप यांकडे दुर्लक्ष

अशा वेळी आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटा. बदल केव्हापासून दिसले ते लिहून न्या, चालू असलेली सर्व औषधे सोबत न्या आणि रुग्णाला ओळखणारी एक व्यक्ती बरोबर असू द्या. प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडचा दोष, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, डोक्याला मार लागून मेंदूभोवती साचलेले रक्त यांमुळेही असेच होते आणि यांवर उपचार होऊ शकतात. रक्ततपासण्या, स्मरणशक्तीची छोटी चाचणी आणि गरजेनुसार एमआरआय यांवरून पुढची दिशा ठरते. गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. त्यामागे संसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणे, पक्षाघात अशी कारणे असू शकतात.

अल्झायमरचे निदान झाले, तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांसारख्या औषधांनी लक्षणांत काही काळ फायदा होऊ शकतो. आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. म्हणून ठरलेला दिनक्रम, शांत बोलणे, घरातली सुरक्षितता आणि आवडते संगीत यांना महत्त्व आहे. रुग्णाशी वाद घालू नका आणि आठवते का बघू म्हणून त्याची परीक्षाही घेऊ नका. पैशांचे आणि कागदपत्रांचे निर्णय, त्याला समजते आहे तोवर, त्याच्या संमतीने लवकर करून ठेवा.

शेवटचे सांगणे सांभाळणाऱ्यांसाठी. यास्मिनकडे पैसा होता आणि मदतीला माणसे होती. आपल्याकडे हा भार बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा लेक एकटीच उचलते. तिला रात्रीची झोप आणि आठवड्यातून काही तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे. भावंडांनी पाळी लावून घ्या. सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली, तर रुग्णाचे हाल आणखी वाढतात.

आपल्या घरातल्या कोणाचा स्वभाव अलीकडे बदलल्यासारखा वाटत असेल, तर रागावण्याआधी एकदा तपासणी करून घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)